आल्प्सच्या कुरणांतली फुलपाखरं, मार्मोट आणि आयबेक्स: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आल्प्सच्या सहलीत निसर्ग कसा पाहावा, याबद्दल आलेली पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची सहल स्वित्झर्लंडची आहे, त्यामुळे उत्तरांतही तोच देश जास्त येतो. इटली आणि ऑस्ट्रियाचा उल्लेख गरजेपुरता. मार्मोट म्हणजे बिळात राहणारा, खारीच्या कुळातला मोठा प्राणी; आयबेक्स आणि शॅम्वा म्हणजे डोंगरातले रानबकऱ्यासारखे प्राणी.

आम्ही चौघं (मुलं ७ आणि ११ वर्षांची) मेच्या मध्यात दहा दिवस इंटरलाकेनला राहणार आहोत. मुलांना फुलपाखरांचं वेड आहे. युंगफ्राऊयोख, टिटलिस आणि शिल्टहॉर्न असा बेत आहे. यांपैकी कुठे जास्त फुलपाखरं दिसतील?
— वाचक, डोंबिवली

एकाही ठिकाणी नाही. युंगफ्राऊयोखचं स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. तिथे बर्फ, खडक आणि लोकांच्या हातातल्या सँडविचवर नजर ठेवून घिरट्या घालणारे पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे, एवढंच भेटेल. शिखरं जरूर पाहा, पण फुलपाखरांसाठी वेगळे दिवस काढा आणि ते खाली काढा.

आल्प्समध्ये दर हजार मीटर चढलं की तापमान साधारण ६ अंशांनी उतरतं आणि वसंत जवळजवळ महिनाभर मागे पडतो. मेच्या मध्यात उत्तरेकडच्या उतारांवर १,८०० मीटरच्या आसपास बर्फ असतो, काही वर्षी त्याच्याही खाली. बर्फ वितळलं की गवत, मग फुलं आणि त्यांच्यामागून फुलपाखरं, असा क्रम वरवर सरकत जातो. म्हणून तुमच्या तारखांना ५०० ते १,२०० मीटरची पट्टी धरा. इंटरलाकेन ५७० मीटरच्या आत-बाहेर आहे, म्हणजे मुक्काम योग्य जागी आहे.

तिथे मे महिन्यात ऑरेंज टिप दिसेल. नराच्या पांढऱ्या पंखांची टोकं केशरी असतात, त्यामुळे सात वर्षांच्या मुलालाही ते लांबून ओळखता येतं. लिंबासारखं पिवळं ब्रिमस्टोन प्रौढावस्थेतच हिवाळा काढतं, म्हणून ते वसंतात सगळ्यांच्या आधी उडताना दिसतं. यांच्या जोडीला स्मॉल टॉर्टॉइजशेल, हॉली ब्लू आणि पंख मिटून बसलं की पानात हरवणारं ग्रीन हेअरस्ट्रीक.

कुरण निवडताना बहुतेक पर्यटक फसतात. गडद हिरवं, दाट, गुडघाभर गवत आणि त्यात पिवळ्या डँडेलियनचा सडा, हे कुरण फोटोत सुंदर दिसतं. पण त्याला शेणाचं पातळ खत भरपूर मिळालेलं असतं, वाढ चार-पाच जातींचीच होते आणि फुलपाखरं तुरळक असतात. तुम्हाला हवा तो उतार रोडावलेला: गवत आखूड, मधूनमधून माती आणि दगड दिसणारे, फुलं लहान पण नाना तऱ्हेची, आणि तोंड दक्षिणेला. गवतात मात्र शिरू नका, कडेच्या पायवाटेवरूनच पाहा. ते गवत म्हणजे शेतकऱ्याचा हिवाळ्याचा चारा आहे आणि तुडवलेलं गवत नीट कापता येत नाही.

एक दिवस वाले प्रांतासाठी ठेवाच. श्पीत्सला गाडी बदलून जुन्या ल्योचबेर्ग मार्गाची गाडी घ्या (नव्या बोगद्यातून जाणारी जलद गाडी नको) आणि होह्टेनला उतरा. तिथून आउसरबेर्गपर्यंत रेल्वेच्या बाजूने ऱ्होन नदीच्या दरीवरून चालायची वाट आहे, साधारण तीन तासांची. उंची हजार मीटरच्या आसपास, उतार दक्षिणमुखी आणि कोरडा, त्यामुळे उत्तरेला थंडी असली तरी इथे हंगाम पुढे गेलेला असतो. काही ठिकाणी एका बाजूला खोल दरी आहे. लहान मुलाचा हात धरूनच चालायचं. सावली कमी, म्हणून माणशी दीड लिटर पाणी.

शेवटची सूचना बुकिंगआधीची. एप्रिलअखेर ते मेअखेर बऱ्याच केबल कार आणि काही डोंगरी रेल्वे वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असतात. प्रत्येकीचं वेळापत्रक तिच्या संकेतस्थळावर तारखेसकट पाहा. ट्रॅव्हल एजंटच्या छापील कार्यक्रमावर विसंबू नका.

शाळेचं बंधन नाही, आम्ही दोघं निवृत्त आहोत. सर्वांत चांगले आठवडे कोणते?
— वाचक, सांगली

२५ जून ते १० ऑगस्ट. १,५०० ते २,२०० मीटरवरची कुरणं तेव्हा भरात असतात. या काळात दरीतल्या कुरणांची गवतकापणी झालेली असते किंवा चालू असते, आणि कापलेल्या कुरणात एका दिवसात फुलपाखरं नाहीशी होतात. म्हणून मेमध्ये खाली आणि जुलैत वर. मुक्काम म्यूरेन (१,६३८ मीटर) किंवा तशाच उंचीवरच्या गावी करा. म्हणजे रोज वर-खाली करण्यात सकाळचे महत्त्वाचे तास जात नाहीत. म्यूरेनहून फ्युनिक्युलरने (तारेने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी गाडीने) आल्मेंडहूबेलला गेलात की १,९०० मीटरवर फुलांची सोपी वाट लागते, गुडघे कुरकुरत असतील तरी जमेल अशी. विल्डर्सविलहून सुटणारी शिनिगे प्लाट्टेची दातेरी रेल्वे जूनमध्ये सुरू होते. वर आल्पाइन वनस्पतींची बाग आहे आणि झाडांना पाट्या आहेत. कोणतं फुलपाखरू कोणत्या फुलावर येतं, हे शिकायला इतकी सोयीची जागा दुसरी नाही.

अपोलो फुलपाखरू पाहायचंच आहे. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात वाले आणि इटलीच्या आओस्ता दरीत असू. नेमकं कुठे शोधायचं, आणि दुसऱ्या कशाशी गल्लत होऊ शकते का?
— वाचक, पुणे

वेळ आणि जागा दोन्ही उत्तम. अपोलोच्या सुरवंटाची खाद्यवनस्पती सीडम, म्हणजे खडकांवर आणि दगडी बांधांवर पसरणारी मांसल पानांची बुटकी झाडं. पांढऱ्या फुलांचं सीडम दिसलं की तिथेच थांबा. मादी अंडी तिथे घालते, पण मधुरस घ्यायला नर-मादी दोघंही काटेरी थिसल, जांभळं नॅपवीड आणि स्केबियसवर येतात. म्हणजे हवी ती जागा अशी: ऊन खाणारा खडकाळ उतार, रस्त्यासाठी कापलेली दरड किंवा दगडी गडगा, आणि त्याच्या पायथ्याशी जांभळी फुलं. वालेच्या बाजूच्या दऱ्यांत ८०० ते १,८०० मीटरमध्ये आणि आओस्ताकडे कोन्ये गावापासून वालनोंतेच्या वाटेवर अशा जागा भरपूर आहेत.

उडण्याची ढब लांबूनच कळते. सात-आठ सेंटिमीटर पंखविस्ताराचं पांढरं फुलपाखरू, दोन-चार वेळा पंख हलवून मग तरंगत जाणारं. पांढऱ्या कोबी-फुलपाखरांना हे तरंगणं जमत नाही. बसल्यावर मागच्या पंखांवर काळ्या कडेचे, डोळ्यांसारखे लाल ठिपके दिसतात आणि पंखांचा काही भाग तेलकट कागदासारखा पारदर्शक वाटतो.

गल्लत होते ती स्मॉल अपोलोशी. नावात लहान असलं तरी आकारावर जाऊ नका, फरक अगदी थोडा असतो. मिशा (डोक्यावरच्या स्पर्शिका) पाहा. स्मॉल अपोलोच्या मिशांवर काळे-पांढरे पट्टे ठळक असतात, अपोलोच्या मिशा फिकट राखाडी दिसतात. स्मॉल अपोलोच्या बहुधा पुढच्या पंखांवरही लाल ठिपका असतो. जागाही वेगळी: त्याच्या सुरवंटाला पिवळ्या फुलांचं सॅक्सिफ्रेज लागतं आणि ते डोंगरातल्या ओढ्यांच्या काठी, ओल्या खडीत वाढतं. तेव्हा १,८०० मीटरच्या वर पाण्याकाठी दिसलं तर आधी स्मॉल अपोलो समजून मिशा तपासा. तिसरं क्लाउडेड अपोलो. त्याच्यावर लाल रंगच नसतो आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत खालच्या भागात त्याचा हंगाम सरत आलेला असतो.

ऊन असेपर्यंत अपोलोच्या मागे पळण्यात अर्थ नाही. उतारावर धावलात तर पाय मुरगळेल. ते कुठल्या फुलांवर परत परत येतंय ते दुर्बिणीतून पाहा आणि त्या फुलांजवळ बसून राहा. ढग सूर्याला झाकतो तेव्हा अपोलो जिथे असेल तिथे गवतात उतरतं आणि गप्प राहतं. ती पाच मिनिटं तुमची. फार जवळ गेलात तर ते पंख झटकन उघडून लाल डोळे दाखवतं आणि पाय पंखांवर घासून बारीक फुसफुस आवाज काढतं. पक्ष्याला घाबरवण्याची ती युक्ती आहे. ऐकू आली की एक पाऊल मागे सरका.

एखाद्या मादीच्या पोटाखाली मेणासारखी कडक पिशवी दिसेल. तो आजार नव्हे. मिलनानंतर नर तिथे बूच बसवतो, दुसऱ्या नराला वाट राहू नये म्हणून.

आपल्याकडे अपोलोची भावंडं पाहायची तर हिमालयात जावं लागतं. सह्याद्रीत हा गट नाही.

मुलं दहा मिनिटांत कंटाळतात आणि धावत सुटतात. फुलपाखरं उडून जातात. काही उपाय?
— वाचक, कोल्हापूर

फुलांऐवजी चिखलाकडे न्या. पावसाळ्यानंतर आपल्या घाटवाटांवर चिखलपान करणारे थवे दिसतात ना, तसेच ते आल्प्समध्येही दिसतात आणि कारणही तेच. पानं खाऊन वाढलेल्या सुरवंटाला सोडियम फार कमी मिळतं. नर ते ओल्या मातीतून, शेणातून, लिदीतून शोषतात आणि मिलनाच्या वेळी त्यातलं काही मादीकडे जातं. पिताना त्यांचं आजूबाजूला लक्ष कमी असतं, म्हणून जवळ जाता येतं.

सकाळी दहा ते बारा, लागोपाठच्या दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाच्या दिवशी, जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर जिथे झरा आडवा वाहतो किंवा गुरांच्या पाणी पिण्याच्या लाकडी कुंडाभोवती जमीन ओली असते, तिथे थांबा. ‘ब्लू’ म्हणवणाऱ्या छोट्या निळ्या फुलपाखरांचा घोळका बहुतेक वेळा सापडतो, कधी पन्नासेकही. तीन-चार मीटरवरून पाहा, मग मुलांना ओणवं करून एकेकाला पुढे पाठवा. सावली फुलपाखरांवर पडली की ती उठतात, म्हणून सूर्य पाठीशी नको, बाजूला हवा. उठलीच तर कुणीही हलायचं नाही; दोन-तीन मिनिटांत बरीचशी त्याच जागी परततात. घोळका दिसण्याआधीच पुढे धावणाऱ्या मुलाला हा नियम पटवणं हेच खरं काम, आणि त्यासाठी त्याच्या हातात घड्याळ द्या. किती सेकंदांत पहिलं परत येतं, ते त्याने मोजायचं.

दुसरी गंमत फुकट आहे. चालून घामेजलेली रकसॅक पट्टे वर करून उन्हात ठेवा. मिठासाठी ब्लू आणि तपकिरी रिंगलेट फुलपाखरं पट्ट्यांवर येऊन बसतात. हात शांत ठेवला तर हातावरही.

फोन आहे, कॅमेरा नाही. फोटो काढून घरी येऊन नावं शोधायची म्हटलं तर निम्मी ओळखता येत नाहीत. काय चुकतं?
— वाचक, ठाणे

बहुधा तुम्ही फक्त पंखांची वरची बाजू टिपता. निळ्या ब्लूंची ओळख खालच्या बाजूला असते: ठिपके कुठे आहेत, केशरी कोयऱ्यांची रांग आहे का, पंखाच्या मुळाजवळ ठिपका आहे का. पंखांची पांढरी झालर आणखी कामाची. झालर अखंड पांढरी असेल तर कॉमन ब्लू असण्याची शक्यता मोठी; तिला काळ्या रेघा छेदत असतील तर एडोनिस किंवा चॉकहिल ब्लू. म्हणून प्रत्येकाचे दोन फोटो: पंख उघडे आणि पंख मिटलेले. तिसरा फोटो ते ज्या झाडावर बसलंय त्याचा, पानांसकट. चौथी गोष्ट उंची, ती फोनच्या नकाशावर मिळते.

फोन अगदी जवळ नेण्यापेक्षा दुप्पट किंवा तिप्पट झूमची लेन्स वापरून ३०-४० सेंटिमीटरवरून टिपा. डिजिटल झूम टाळा. सर्वांत चांगली वेळ सकाळी ऊन कुरणावर आल्यानंतरचा पहिला अर्धा तास. रात्रभर गारठलेली फुलपाखरं तेव्हा पंख पसरून ऊन खात असतात, उडायची ताकद यायची असते. नऊनंतर तीच फुलपाखरं हाताला लागत नाहीत.

आयनॅचरलिस्ट किंवा मुलांसाठी सीक ही ॲप ठीक आहेत, एका अपवादासह. तपकिरी पंखांवर केशरी पट्टा आणि त्यात काळे ठिपके असलेली रिंगलेट फुलपाखरं आल्प्सच्या उंच कुरणांत सगळीकडे असतात. त्यांच्या वीसहून जास्त जाती इथे आहेत आणि त्यातल्या कित्येक तज्ज्ञांनाही एका फोटोवरून सांगता येत नाहीत. ॲपने छातीठोक नाव दिलं तरी वहीत ‘रिंगलेट’ एवढंच लिहा.

काळ्या-निळसर पंखांवर लाल ठिपके असलेलं, जांभळ्या फुलावर सुस्त बसलेलं, ‘न घाबरणारं फुलपाखरू’ म्हणजे बर्नेट, दिवसा उडणारा पतंग. ते घाबरत नाही, कारण त्याच्या अंगात सायनाइड तयार करणारी रसायनं असतात आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. पाहायला हरकत नाही. हातात घेऊ नका.

दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×५०?
— वाचक, छत्रपती संभाजीनगर

दोन्ही नको, ८×३२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा. १०×५० जड असते आणि हातात थरथरते. फुलपाखरांसाठी तिसरा आकडा महत्त्वाचा, जो दुकानदार सांगत नाही: कमीत कमी किती अंतरावर फोकस होतो. तो दोन मीटर किंवा त्याहून कमी हवा. फक्त कीटकच पाहायचे असतील तर पेंटॅक्सची पापिलिओ ६.५×२१ अर्ध्या मीटरवरही फोकस करते, पण समोरच्या कड्यावरचा आयबेक्स तिच्यात लहान दिसेल. मुलांसाठी दोन नळ्यांमधलं अंतर त्यांच्या डोळ्यांइतकं कमी होतं का, ते दुकानातच पाहा. होत नसेल तर मूल एकाच डोळ्याने पाहतं आणि पाच मिनिटांत दुर्बीण परत देतं.

आयबेक्स आणि शॅम्वा यांत फरक काय, आणि मे महिन्यात यांतलं काही दिसेल का? मार्मोट?
— वाचक, नागपूर

शिंगं पाहा. आयबेक्सच्या नराची शिंगं मागे वळलेली, जाड, पुढून गाठी-गाठींची आणि मीटरभर लांब होऊ शकतात; मादीची बरीच आखूड. शॅम्वाची शिंगं वीतभर, बारीक, सरळ वर जाऊन टोकाशी गळासारखी मागे वाकलेली, नर-मादी दोघांनाही. शॅम्वाच्या तोंडावर डोळ्यांवरून जाणारा काळा पट्टा असतो. वागणंही उलट: शॅम्वा माणूस दिसला की पळतो, आयबेक्स रवंथ करत बसून राहतो.

याच थंडपणाने आयबेक्सचा घात केला. शिकारीमुळे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते सगळ्या आल्प्समधून संपले, फक्त इटलीतल्या ग्रान पारादीसो डोंगरात काही उरले. राजा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा याने १८५६ मध्ये तो भाग स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला, आणि राजाला शिकार मिळावी म्हणून नेमलेल्या पहारेकऱ्यांमुळे ते वाचले. १९२२ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. स्विस लोकांनी आयबेक्स मागितले, इटलीने दिले नाहीत. मग १९०६ मध्ये पिल्लं चोरून सीमेपार आणली गेली, सांक्ट गालेनच्या प्राणिउद्यानात वाढवली आणि १९११ मध्ये त्यांच्या वंशजांना रानात सोडलं. आज आल्प्सभर दिसणारे सगळे आयबेक्स त्या ग्रान पारादीसोच्या कळपाचे वंशज आहेत.

मे महिन्यासाठी तुम्हाला चांगली बातमी आहे. वसंतात वर बर्फ असतं, म्हणून आयबेक्स पहिल्या कोवळ्या गवतासाठी खाली उतरतात. पूर्व स्वित्झर्लंडच्या एंगाडीन दरीतल्या पॉन्ट्रेझिना (१,८०५ मीटर) गावात तर एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत ते गावाच्या कडेच्या कुरणात येतात. पहाटे आणि संध्याकाळी पाहा. उन्हाळ्यात मात्र चढावं लागतं. इंटरलाकेनजवळ नीडरहॉर्न (१,९६३ मीटर) लिफ्टने (केबल कारने) जमतो. कड्याच्या धारेवरून दुर्बिणीने खालच्या खडकांच्या कपारी शोधा, लोक आकाशाच्या रेषेवर शोधतात आणि प्राणी पायाखालच्या उतारावर बसलेले असतात. वालनोंतेहून व्हित्तोरियो सेल्ला निवाऱ्यापर्यंतची (२,५८४ मीटर) वाट आयबेक्ससाठी प्रसिद्ध आहे, पण चढ नऊशे मीटरचा. दहा वर्षांखालच्या मुलांना नको. ऑस्ट्रियात गाडी थेट काइझर-फ्रान्त्स-योझेफ्स-होएपर्यंत (२,३६९ मीटर) जाते आणि तिथे जुलै-ऑगस्टमध्ये मार्मोट जवळजवळ हमखास.

मार्मोट एप्रिलमध्ये बिळाबाहेर येतात आणि ऑक्टोबरमध्ये परत झोपतात. त्यांना उकाडा सोसत नाही. दुपारी बिळात जातात, म्हणून नऊच्या आधी किंवा चारनंतर जा. शिटी ऐकू आली की आवाजाच्या दिशेने न पाहता सभोवती पाहा. सामान्यतः एकच लांब शिटी म्हणजे आकाशात गरुड, आणि लागोपाठ शिट्या म्हणजे जमिनीवर कोल्हा, कुत्रा किंवा तुम्ही.

मुलांना मार्मोटला हाताने खायला द्यायचं आहे. चालतं का?
— वाचक, मडगाव

झास-फेला श्पीलबोडेन स्थानकाजवळ माणसाळलेले मार्मोट गाजर घेतात आणि पर्यटक तेवढ्यासाठीच जातात. इतरत्र देऊ नये, हे आमचं स्पष्ट मत. चिवडा, बिस्किटं, वेफर्स कुठेच देऊ नका: मार्मोटला गवत-पाल्याची चरबी साठवून सहा महिने झोपायचं असतं, आणि मीठ-साखरेने त्याचं पोट बिघडतं. शिवाय त्याचे दात बोटाच्या हाडापर्यंत जाऊ शकतात.

आकाशात फार मोठा पक्षी दिसला तर गरुड की गिधाड, कसं कळणार?
— वाचक, नाशिक

शेपटी पाहा. सोनेरी गरुडाची शेपटी पंख्यासारखी आणि पंख रुंद. दाढीवाल्या गिधाडाची लांब आणि पाचरीच्या आकाराची, पंख अरुंद, टोकदार, विस्तार पावणेतीन मीटरपर्यंत. गरुडाचा विस्तार सव्वादोनच्या आत. गिधाडाचं पोट बऱ्याचदा गंजासारखं केशरी दिसतं, कारण ते लोहयुक्त चिखलात अंघोळ करतं. मेंढ्यांची कोकरं पळवतं असा खोटा आळ घेऊन ही जात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समधून नाहीशी केली गेली. प्रत्यक्षात त्याचं मुख्य अन्न हाडं. न गिळता येणारं हाड उंचावरून खडकावर टाकून ते फोडतं. १९८६ मध्ये ऑस्ट्रियातल्या राउरिस दरीत बंदिवासात वाढलेली पहिली पिल्लं सोडली, आणि १९९७ मध्ये फ्रान्सच्या ओत-साव्हुआमध्ये रानातलं पहिलं पिल्लू वाढलं. वालेमध्ये लॉइकरबाडहून लिफ्टने गेम्मी खिंडीत (२,३५० मीटर) गेलात तर हिवाळ्यातही दिसू शकतं. हिमालयात जाणाऱ्यांनी पाहिलेलं लॅमरगायर ते हेच.

साप, अस्वलं, गोचिडी… घाबरावं कशाला?
— वाचक, सातारा

या क्रमाने तर नाहीच. गोचिडी पहिल्या. दीड हजार मीटरच्या खाली उंच गवत आणि झुडपांच्या कडेला त्या असतात, फुलपाखरं शोधणारे नेमके तिथेच वावरतात. पूर्ण पँट, पायमोज्यांत खोचलेली. संध्याकाळी अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांच्या कडेला बोटांनी चाचपा. चिकटलेली दिसली तर टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, काडेपेटी काही नको. गुदमरलेली गोचीड जखमेत लाळ ओकते आणि जंतू त्यातूनच येतात. तारीख लिहून ठेवा. पुढच्या महिनाभरात तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ उमटलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना ‘आल्प्समध्ये गोचीड चावली’ हे आपणहून सांगा. आपल्याकडच्या डॉक्टरांना गोचिडीतून होणारा लाइम आजार सहज सुचणार नाही. गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वरावर लस आहे, पण ती एकाहून जास्त मात्रांची, म्हणून प्रवासाआधी काही महिने विचारा.

मग गाई. होय, गाई. वासरू जवळ असलेली गाय आल्प्समध्ये माणसाच्या अंगावर येऊ शकते. पायवाट कळपातून जात असेल तर मोठा वळसा घ्या, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नका, वासराला हात लावू नका. तारेचं कुंपण विजेचं असतं. फाटक जसं होतं तसं लावून पुढे जा.

दुपारची वीज तिसरी. जुलै-ऑगस्टमध्ये ढग बाराच्या सुमारास जमतात आणि दोन-तीननंतर गडगडाट होतो. धारेवरून दुपारी एकपर्यंत उतरायला लागा. पाट्यांवर लिहिलेला वेळ न थांबता चालणाऱ्याचा असतो. मुलं आणि फुलपाखरं बरोबर असतील तर तो दुप्पट धरा. पिवळी खूण साध्या वाटेची, पांढरी-लाल-पांढरी डोंगरवाटेची. पांढरी-निळी-पांढरी दिसली तर मुलांना घेऊन परत फिरा. मदतीसाठी युरोपभर ११२. स्वित्झर्लंडमध्ये हेलिकॉप्टर बचावासाठी १४१४, वाले प्रांतात मात्र १४४.

साप आहेत, घोणशीच्याच कुळातले ॲडर आणि ॲस्प, पण आकाराने लहान आणि माणसाची चाहूल लागली की सरकणारे. घोट्यापर्यंतचे बूट आणि दगडाआड हात न घालणं पुरे. तपकिरी अस्वलांची संख्या धरण्याजोगी आहे ती इटलीच्या त्रेंतीनोत, आणि तिथल्या पाट्यांवर लिहिलेले नियम पाळा. बाकी आल्प्समध्ये अस्वलाची काळजी नको.

शाळेच्या प्रकल्पासाठी दोन-चार फुलपाखरं पकडून आणली तर?
— वाचक, लातूर

नाही. अपोलोचा व्यापार साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनखाली नियंत्रित आहे, युरोपीय संघातही ते संरक्षित आहे आणि राष्ट्रीय उद्यानांत जाळी घेऊन फिरणंही चालत नाही. एंगाडीनमधल्या स्विस राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९१४) तर पायवाट सोडायला, फूल तोडायला आणि साखळीला बांधलेला कुत्रा न्यायलाही बंदी आहे. प्रकल्पासाठी फोटो, उंची, तारीख आणि झाडाचं नाव अशी वही मेलेल्या फुलपाखरापेक्षा जास्त गुण मिळवेल.

दिवाळीच्या सुट्टीत गेलो तर?
— वाचक, अमरावती

फुलपाखरं संपलेली, मार्मोट झोपलेले, बऱ्याच लिफ्ट बंद. नोव्हेंबरात शॅम्वाचा मिलनकाळ असतो, काळ्याभोर हिवाळी कातडीतले नर एकमेकांमागे कडे उतरताना दिसतात. तेवढ्यासाठी जायचं असेल तर जा.

पावसाचे दिवस वाया जातात. मुलांना हॉटेलात कसं रमवायचं?
— वाचक, रत्नागिरी

हॉटेलात ठेवू नका, रेनकोट चढवा. बर्नर ओबरलांडमध्ये (इंटरलाकेनच्या आसपासच्या डोंगरी भागात) आणि ऑस्ट्रियात साधारण ८०० ते २,००० मीटरवर काळा आल्पाइन सॅलमँडर राहतो. एरवी दगडांखाली दडलेला हा प्राणी उन्हाळ्यात, रात्रभर पाऊस पडून गेलेल्या सकाळी जंगलाच्या वाटेवर सावकाश चालत येतो, कधी एका किलोमीटरमध्ये डझनभर. बोटभर लांब, डांबरासारखा चकचकीत. बेडकांच्या या नातेवाइकाला अंडी घालायला डबकं लागत नाही: मादीच्या पोटात पिल्लं दोन वर्षं, जास्त उंचीवर तीन वर्षं वाढतात आणि सहसा दोनच, पूर्ण घडलेली जन्माला येतात. एका मादीचं पायाखाली येणं किती महाग पडतं, ते यावरून कळेल. सात ते नऊच्या दरम्यान जा, मुलांना वाटेच्या मधोमध एका रांगेत चालवा, प्रत्येक पाऊल पाहून टाकायला लावा. हात लावायचा नाही: त्याच्या कातडीतलं विष डोळ्यांत गेलं तर आग होते, आणि आपल्या हातांवरचं सनस्क्रीन त्याच्या ओल्या कातडीला बाधतं. ऊन आलं की अर्ध्या तासात ते सगळे दगडांखाली जातात, तेव्हा न्याहारी परत आल्यावर.